चौकातला फळा पुन्हा लिहू या : पुण्यातल्या गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना खुले पत्र

प्रति,
पुण्यातल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते बंधू-भगिनी,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या देखाव्याचा विषय अजून ठरला नसेल तर हे पत्र जरूर वाचा. ठरला असेल तरीही वाचा. मांडवाच्या एका बाजूला थोडी भिंत मोकळी राहतेच, आणि मला तेवढीच हवी आहे.

मी पेठेतल्या एका शाळेत 31 वर्षं चित्रकला शिकवली. माझे यजमान बँकेत नोकरीला होते आणि संध्याकाळ झाली की मंडळाचे होते. देखाव्यांचे पडदे आम्ही दोघांनी मिळून रंगवले आहेत. प्लायवूड गच्चीवर चढवायचं, डिस्टेंपरचे डबे कालवायचे, पाऊस आला की सगळं जिन्यात ओढायचं, हे आमच्या घरात दर वर्षी श्रावणात चालायचं. पण त्यांचं स्वतःचं असं काम एकच होतं. चौकातला वार्ताफलक तेच लिहायचे. रोज सकाळी दुधाची पिशवी आणायला निघाले की शर्टाच्या खिशात खडू आणि हातात ओला बोळा. सुविचार, पाणी न येण्याची वेळ, कुणाच्या नातीला दहावीत मिळालेले मार्क, रक्तदान शिबिर. आणि निधन.

निधनवार्ता लिहिण्याचे त्यांचे नियम होते. रंगीत खडू घ्यायचा नाही. भोवती नक्षी काढायची नाही. माणसाचं नाव एका ओळीतच बसलं पाहिजे, दोन ओळींत तोडायचं नाही. त्यासाठी अक्षर बारीक करावं लागलं तरी चालेल. नावाखाली अंत्ययात्रा किती वाजता निघणार ते. फळ्याशी थांबून लोक ती वेळ वाचत, घड्याळ बघत, कामाची उलटापालट करत. आमच्या चौकात माणूस गेल्याचं असंच कळायचं आणि माणसं अशीच जमायची.

एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ती दुसरी ओळ लिहायची सोय उरली नाही. अंत्ययात्रा निघतच नव्हती, मग वेळ कसली लिहिणार? फळ्यावर नुसतं नाव. पहिल्या आठवड्यात ते आदल्या दिवशीचं नाव पुसून नवं लिहीत. नंतर पुसेनासे झाले. आधीच्या नावांखाली बारीक अक्षरात पुढचं नाव लिहीत गेले. मी खिडकीतून बघायची. तोंडाला दोन मास्क, एका हाताने फळ्याची चौकट धरलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि हा माणूस वाचायला कुणी नसताना सुवाच्य अक्षरात लिहितो आहे. मी रागावले होते. म्हटलं, कोण वाचणार आहे? ते म्हणाले, गॅलरीतून वाचतात.

मग त्यांनाच ताप आला. बेड मिळायला दोन दिवस गेले. ते दोन दिवस मी इथे उगाळत बसणार नाही, तुमच्यापैकी निम्म्या जणांनी आपापल्या घरातले तसलेच दिवस पाहिले आहेत. मुलगा लंडनला होता. 23 एप्रिलला ब्रिटनने भारत लाल यादीत घातला, विमानं मिळेनात, आणि आधीच का निघालो नाही हा प्रश्न तो आजही स्वतःला विचारतो. शेवटचं बोलणं एका नर्सने हातमोज्यात धरलेल्या फोनवर झालं. तिचं नाव मला माहीत नाही. दोन दिवसांनी पहाटे फोन आला.

त्या सकाळी फळ्यावर त्यांनीच लिहिलेली नावं होती. त्यांचं नाव लिहायला कोणी नव्हतं. लिहिणारे तेच होते.

मेमध्ये वळवाची मोठी सर आली आणि फळा धुऊन गेला.

मला तुमच्याशी भांडायचं नाही, हे आधीच सांगते. माझ्या यजमानांना अग्नी तुमच्यातल्याच दोन मुलांनी दिला. मुलगा इथे नाही आणि मला येऊ देत नाहीत हे कळल्यावर ती दोघं पीपीई किट चढवून गेली, आणि परत आल्यावर जिन्यातूनच मला म्हणाली, "काकू, नीट झालं सगळं." सिलिंडर, डबे, औषधं, म्हाताऱ्यांची लसीकरणाची नोंदणी, सगळं मंडळाच्या पोरांनी केलं. ही गोष्ट आमच्या एकट्या चौकाची नाही. 2020 मध्ये सार्वजनिक मूर्ती चार फुटांच्या आत ठेवा असा सरकारचा नियम आला, विसर्जनाची मिरवणूक रद्द झाली, आणि पुण्याच्या मानाच्या गणपतींनी मांडवातच हौदात विसर्जन केलं. ज्या लक्ष्मी रस्त्यावर त्या रात्री पाय ठेवायला जागा नसते तो रिकामा होता. इतकी मोठी गोष्ट तुम्ही निमूटपणे स्वीकारली. म्हणूनच हे पत्र महापालिकेला किंवा मंत्रालयाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

माझं म्हणणं आपल्या कलेविषयी आहे. या शहराला चौकात उभं राहून विचार करायची सवय देखाव्यांनी लावली. हुंडा, पाणीटंचाई, शेतकरी, बॉम्बस्फोट, असा एक विषय नाही ज्याच्यावर आपण पडदा उघडला नाही. मग त्या दोन वर्षांचं काय दाखवलं? मला आठवतो तो कोरोनासुर. 9 मार्च 2020 ला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले, त्याच दिवशी होळी होती आणि मुंबईत वरळीला कोरोनासुराचा पुतळा जाळला गेला. पुढे तो राक्षस पडद्यांवर आला, फ्लेक्सवर आला. गणपती त्याला त्रिशूळ मारतो आहे, डॉक्टर इंजेक्शन घेऊन धावतो आहे, पोलीस काठी उगारतो आहे. त्या वेळी त्याची गरज होती, हे मी मानते. भीती होती, आणि भीतीला तोंड असलं की तिच्याशी लढता येतं. पण जे झालं ते त्या राक्षसात मावत नाही. माझे यजमान राक्षसाशी लढताना गेले नाहीत. एका खोलीत, अनोळखी माणसांमध्ये, पालथं झोपून, कुणाचा हात हातात नसताना गेले. त्याला त्रिशूळ कुठे मारणार?

ही आपली जुनी सवय आहे. 1897 चा पुण्यातला प्लेग आपण कसा लक्षात ठेवला आहे बघा. रँड, चापेकर बंधू, 22 जूनची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, घोडागाडी. त्या रस्त्याचा पडदा मीच रंगवला होता, झाडांच्या सावल्या अजून डोळ्यांसमोर आहेत. तो देखावा हवाच. पण त्या प्लेगात घरातून उचलून वेगळ्या छावणीत नेलेली माणसं, मागे राहिलेल्या बायका, परत न आलेली मुलं, त्यांच्यासाठी आम्ही कधी पडदा उघडला नाही. सावित्रीबाई फुल्यांचा देखावा आम्ही दोनदा केला, दोन्ही वेळा शाळा आणि अंगावर फेकलेलं शेण. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन स्वतःच्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात गेल्या, त्यातून त्यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या, हे आमच्या निवेदनात शेवटच्या एका वाक्यात उरकलं होतं. साथीत ज्याला शिवायचं नाही त्याला पाठीवर घेणं! याहून मोठं दृश्य कुठलं असतं? आम्ही ते रंगवलं नाही याची मला आज फार खंत वाटते.

2023 मध्ये मुलाने मला लंडनला नेलं. त्याच्या मनात काय होतं ते मला तिथे पोचल्यावर कळलं. थेम्स नदीच्या काठाने, वेस्टमिन्स्टर पुलापासून लँबेथ पुलाच्या दिशेने एक पायवाट जाते. एका अंगाला नदी आणि नदीपलीकडे त्यांची संसद, दुसऱ्या अंगाला सेंट थॉमस रुग्णालयाची दगडी भिंत. अर्धा किलोमीटर लांब असेल. त्या भिंतीवर पत्त्यांतल्यासारखे लाल बदाम काढले आहेत, हाताने, एकेका मेलेल्या माणसाचा एकेक. 29 मार्च 2021 ला कोविडमध्ये घरची माणसं गमावलेल्या कुटुंबांनी ते काढायला सुरुवात केली. तेव्हा तिथला अधिकृत आकडा दीड लाखाच्या आसपास होता. परवानगीची वाट न बघता रंगाचे पेन घेऊन लोक उभे राहिले, आणि साधारण दहा दिवसांत दीड लाख बदाम झाले. मृतांचा आकडा वाढला तसे बदामही वाढत गेले, आता दोन लाखांच्या कितीतरी पुढे आहेत.

मी चित्रकलेची शिक्षिका, माझं लक्ष आधी हाताकडे गेलं. दोन बदाम सारखे नाहीत. कुणाचा हात थरथरला आहे, कुणी घाईत काढला आहे, एखादा लहान मुलाने काढलेला स्पष्ट कळतो. मोठ्या माणसाचा मोठा आणि लहानाचा लहान असं काही नाही. आत बारीक अक्षरात मजकूर: आईचं नाव, आजोबांचं नाव, तारीख, एखादं वाक्य. मधूनच आपल्याकडची नावंही दिसत होती. भिंतीशी उभं राहून वाचायचं तर वाकावं लागतं, मग उठावं लागतं, पुन्हा वाकावं लागतं. अर्धा किलोमीटर मी अशीच चालले. मुलगा मागे राहिला होता, मी वळून पाहिलं नाही.

पुढे एक बाई स्टुलावर बसून रंग देत होत्या. पहिले बदाम ज्या पेनांनी काढले होते त्यांचा रंग उन्हापावसात उडायला लागला, लाल होता तो गुलाबी होऊन पुसट झाला, अक्षरं जायला लागली. म्हणून काही स्वयंसेवक दर शुक्रवारी जमतात आणि बाहेरच्या भिंतीवर टिकणाऱ्या गडद लाल रंगाने एकेक बदाम पुन्हा भरतात, पुसट झालेली नावं पुन्हा लिहितात. अनोळखी माणसांची नावं. मुलाने त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलं माहीत नाही, त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. मी एक बदाम भरला, कुणाचा ते मला माहीत नाही. यजमानांचं नाव मी तिथे लिहिलं नाही. मुलगा म्हणाला, लिही. पण ती त्यांच्या माणसांची भिंत आहे. आमच्या माणसाचं नाव आमच्या चौकात हवं.

अमेरिकेतही असं झालं. सप्टेंबर 2021 मध्ये वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर सुझान ब्रेनन फर्स्टनबर्ग या शिल्पकार बाईंनी पांढरी निशाणं लावली, मेलेल्या प्रत्येकासाठी एक, शेवटी सात लाखांच्या वर. येऊ न शकणाऱ्यांनी दुरून मजकूर पाठवायचा आणि स्वयंसेवकांनी तो निशाणावर हाताने उतरवायचा, अशी सोय त्यांनी ठेवली होती. परदेशात असलेल्या आपल्या मुलांसाठी ही युक्ती उचलण्यासारखी आहे.

कुणी म्हणेल, काकू लंडन-वॉशिंग्टन दाखवतात. तर मुंबईतच वांद्र्याला जा. जुन्या पाखाड्यांमध्ये रस्त्याच्या कडेला, घरांच्या कोपऱ्यावर क्रूस उभे आहेत. त्यातले कितीतरी 1896 च्या प्लेगच्या काळात लोकांनी उभारलेले आहेत, साथीपासून राखण व्हावी म्हणून. सव्वाशे वर्षं झाली तरी तिथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती, आणि इतर ख्रिस्ती घरांतली माणसं त्यांना हार घालतात, मेणबत्त्या लावतात. साथीतून जन्मलेली आणि रस्त्यावर नांदणारी वस्तू अशी टिकते, कारण शेजारचं कुणीतरी रोज तिच्याकडे जातं.

आता माझं मागणं. यंदाच्या दहा दिवसांत मांडवाच्या एका बाजूला भिंत द्या. प्लायवूडला काळा रंग द्या, फळ्याला देतात तसा. खाली खडूचे डबे ठेवा. त्या दोन वर्षांत ज्यांचं माणूस गेलं त्यांनी यावं आणि आपल्या हाताने नाव लिहावं. बस, एवढंच. त्यावर नेत्याचा फोटो नको, पुरस्कर्त्याची जाहिरात नको, मंडळाचं नावसुद्धा नको. फ्लेक्सवर छापलेली नावं तर मुळीच नकोत. "भावपूर्ण श्रद्धांजली"चे फ्लेक्स आपण चौकात पुष्कळ बघतो, त्यात फोटो मोठा आणि शोकाकुल मंडळींची यादी त्याहून मोठी असते. या भिंतीवर हाताचं अक्षर हवं. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या शेजारी तुमच्यातल्या एकाने उभं राहावं आणि तो सांगेल तसं लिहून द्यावं. नाव एका ओळीत बसवावं.

दाखल्यावर कोविड लिहिलंय का, हे विचारू नका. ही माझी कळकळीची विनंती आहे. राज्याचा अधिकृत आकडा 1,48,000 च्या वर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 आणि 2021 या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा 47 लाख जास्त मृत्यू झाल्याचा अंदाज मे 2022 मध्ये मांडला, आणि भारत सरकारने तो नाकारला. त्या वादाचा निकाल आपल्या मांडवात लागायचा नाही. पण कुणाचा डायलिसिस चुकला, कुणाला बेडच मिळाला नाही, कुणी चाचणीच केली नव्हती. ती माणसंही तेवढीच गेली. टाळेबंदीत जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले 16 मजूर 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले, त्यांचा मृत्यू कुठल्या रकान्यात घालाल? भिंतीवर त्यांच्यासाठीही जागा असावी. हिंदू-मुसलमान तर विचारूच नका. त्या दिवसांत कोणी कोणाच्या माणसाला अग्नी दिला आणि कोणी कोणाची कबर खणली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

उत्सवात दुःख कशाला, असं बैठकीत कोणीतरी नक्की म्हणेल. मंगल कार्यात मेलेल्यांची नावं? आणि पुढे पितृपक्ष आहेच की. मी यावर खूप विचार केला आहे. पितृपक्ष घरातला असतो. ज्याने त्याने आपल्या पितरांचं पान आपल्या गच्चीवर ठेवायचं. आमच्याकडून जे हिरावलं गेलं ते घरातलं नव्हतं. घरात मी रडले, मुलाशी फोनवर बोलले, तेराव्याला एकटीने पान वाढलं. हिरावला गेला तो चौक. दारात चपलांचा ढीग पडला नाही. शेजारणीने चहा करून दिला नाही. आमच्याकडे माणूस गेलं की घरी चूल पेटवायची नसते, शेजारून पिठलं-भात येतो. आमच्याकडे ते पिठलं आलं, पण दाराच्या कडीला पिशवीत अडकवून, आणि आणणारी जिना उतरून गेल्यावर मी दार उघडलं. त्या पिठल्याचे उपकार मी जन्मात विसरणार नाही, तरीही तिचं तोंड मला दिसलं नव्हतं. ही उणीव घरात बसून भरून निघत नाही, त्याला माणसं जमावी लागतात. आणि या शहरात सगळी माणसं, सगळ्या जातींची, सगळ्या पेठांची आणि उपनगरांची, आपणहून पायी चालत एकत्र येतात ती या दहाच दिवसांत.

शिवाय 2021 च्या भाद्रपदात कितीतरी घरांनी वर्षाच्या आत सण नको म्हणून गणपती साधेपणाने बसवला, आरतीचा आवाज खाली ठेवला, आणि तुमचा मांडव तर दर्शनाला बंद होता. त्यांचा तो उत्सव कोरडाच गेला. ती माणसं पुढल्या वर्षी गर्दीत आली, पण कुणी त्यांना विचारलं नाही, कारण कुणाच्या घरी काय झालं हे तोवर कुणाला आठवत नव्हतं. माझी एक विद्यार्थिनी आहे, आता चाळिशीची. तिचे आई-वडील आठ दिवसांच्या अंतराने गेले. ती मला म्हणाली, बाई, मी कुणाला सांगायला लागले की लोक म्हणतात, हो ना, काय दिवस होते ते, आणि विषय बदलतात. तिला सांत्वन नको आहे. आपल्या आईचं नाव चार लोकांनी मोठ्याने वाचावं, एवढंच तिला हवं आहे.

विसर्जनानंतर त्या भिंतीचं काय करायचं, हाही प्रश्न येईल. पुसू नका. मांडव उतरवताना ती फळी चौकातल्या फळ्याशेजारी लावून ठेवा, परतीच्या पावसाने जेवढं जाईल तेवढं जाऊ द्या. पुढच्या वर्षी पुन्हा काळा रंग द्या आणि पुन्हा लिहा. खडू टिकत नाही म्हणून मला वाईट वाटत नाही. लंडनच्या त्या बाई दर शुक्रवारी येतात, आपण दर भाद्रपदात येऊ. आपली मूर्तीही दर वर्षी नवीच घडवतो आपण.

खर्च फारसा नाही. प्लाय आमच्या गच्चीवर पडून आहे, थोडा फुगला आहे पण चालेल. रंग मी देईन, आणि पहिले तीन दिवस संध्याकाळी मी स्वतः भिंतीशी बसेन, लिहून द्यायला.

यजमानांची एक वही माझ्याकडे आहे. फळ्यावर लिहायचा मजकूर ते आधी त्यात उतरवून काढत, अक्षर किती बारीक घ्यावं लागेल ते बघायला. एप्रिल 2021 च्या पानांवर आपल्याच चौकातली 27 नावं आहेत. ती मला भिंतीवर परस्पर लिहायची नाहीत. आधी घरोघर विचारलं पाहिजे, कुणाला नको असेल तर नाही. त्यातली सहा-सात कुटुंबं आता इथे राहत नाहीत, कोणी सिंहगड रस्त्याला गेलं, कोणी गावी. वहीत त्यांचे नंबर आहेत पण बरेचसे लागत नाहीत. या घरांचा शोध घ्यायचं काम तुमच्यातल्या कोणी अंगावर घेतलं तर फार बरं होईल. वही घ्यायला संध्याकाळी सहानंतर कधीही या, मी घरीच असते.

आपली,
चौकातली एक निवृत्त चित्रकला शिक्षिका